तेल, फणी आणि पाळणी : नंदुरबार जिल्ह्यातील सण, लग्ने आणि केस

हा अंक वाचकांच्या हाती पडेल त्या सुमारास घरोघरी वाटीत तेल कोमट होत असेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातले वडीलधारे माणूस टाळूवर तेल घालते, बोटांनी ते जिरवते. मग अंगाला उटणे आणि केसांना शिकेकाई. एरवी शाम्पूने शिकेकाईची जागा केव्हाच घेतली, तरी वर्षातला हा एक दिवस अनेक घरांनी जुन्या रीतीसाठी राखून ठेवला आहे. रीतीमागे व्यवहारही आहे. आश्विनाच्या अखेरीस हवा कोरडी पडते, त्वचा ताणते. तेल ओल धरून ठेवते आणि शिकेकाई-रिठ्यातला फेस देणारा सॅपोनिन हा घटक वरचे तेल काढून नेतो.

नंदुरबार जिल्ह्यात हे चित्र तापीच्या सपाटीवर असेच दिसते. नंदुरबार, शहादा, तळोदा या बाजारपेठांत दिवाळीआधी उटण्याच्या पुड्या आणि सुगंधी तेलाच्या बाटल्या मांडलेल्या असतात. मात्र तळोद्याहून उत्तरेला निघून सातपुड्याचा घाट चढला, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या पाड्यांवर पोचले, की सणाचे केसांशी असलेले नाते उलटे झालेले आढळते. इथला सर्वांत मोठा सण होळी. आणि ज्या पुरुषांनी होळीचा नवस धरलेला असतो, ते त्या दिवसांत आंघोळ करत नाहीत. तेल नाही, फणी नाही.

एकाच जिल्ह्यात एक सण डोक्याला तेल लावून साजरा होतो आणि दुसरा तेल टाळून. केसांची निगा आणि केशरचना हे आपण सौंदर्याचे, हौसेचे विषय समजतो. या जिल्ह्याच्या अंगाने पाहू लागले की तो अधिकाराचा विषय दिसू लागतो. केसांना कोणी हात लावायचा, कधी लावायचा नाही, आणि ते कोणाच्या हुकमाने उतरायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे सपाटीने आणि डोंगराने वेगवेगळी दिली. त्या उत्तरांचा मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

सपाटी : पदराखालची वेणी

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत : भिल्ल, पावरा, गावित, कोकणी आणि इतर. उरलेल्यांत गुजर, राजपूत, पाटील, माळी, मुसलमान, व्यापारी आणि कारागीर जाती येतात. यांतल्या बहुतेकांची वस्ती सपाटीवर, आणि बोली अहिराणी, गुजरी किंवा या दोन्हींची सरमिसळ.

खानदेशातल्या सासुरवाशिणीचा खरा सण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेक माहेरी येते, झाडाला झोका बांधतात, गौराईची गाणी होतात. या सणात केसांना जे स्थान आहे ते सहज डोळ्यांत भरत नाही. सासरी डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसतो. माहेरी मात्र डोके उघडे चालते. आईने लेकीला पुढ्यात बसवून तेल लावायचे, गुंता सोडवायचा, वेणी घालायची, आणि तेवढ्या वेळात सासरची हकिकत काढून घ्यायची. झोक्यावरून वेणी वाऱ्यावर सुटते ती वर्षातले हे चार दिवस. उरलेले वर्ष ती पदराखाली.

लग्नातही तसेच. मूद, राखडी, केवडा, गोंडे हे मराठी मुलखाचे केसांतले दागिने. शेवंतीची वेणी, मोगऱ्याचा गजरा ही फुले. ऐपतीप्रमाणे ती नवरीच्या डोक्यात येत. पण पदर आणि मुंडावळ्या यांच्या आड त्यातले दिसायचे किती? समोरून दिसायचा तो भांग आणि कपाळ. मागची रचना मांडवातल्या पाहुण्यांना दिसतही नसे. ती पाहणाऱ्या असत त्या नवरीला न्हाऊमाखू घालणाऱ्या बायका.

त्या बायका कोण असाव्यात, याचा नियम पक्का होता. खानदेशी लग्नात हळदीला अहिराणीत ‘हयद’ म्हणतात, आणि तिच्या जोडीने ‘तेलन’ पाडण्याचा विधी असतो. गाणी म्हणत नवरा-नवरीच्या अंगाला तेल लावायचे. हा मान सुवासिनींचा. म्हणजे नवरीच्या डोक्याला तेल लावण्याचा हक्क ज्यांचे नवरे हयात आहेत अशाच बायकांना. आई विधवा असेल, तर ज्या डोक्याला तिने पंधरा-सोळा वर्षे तेल लावले, त्याला त्या दिवशी तिने हात लावायचा नाही.

पुरुषांच्या केसांचा कारभार न्हाव्याकडे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गांव-गाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे जे तपशीलवार वर्णन आले आहे, त्यात न्हावी हा गावगाड्याचा एक आवश्यक आरा म्हणून दिसतो. तो वर्षभर गावाची हजामत करी आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेई. लग्नात त्याचे काम वाढे : नवरदेवाची दाढी-डोके, निरोप पोचवणे, पाहुण्यांची सरबराई. बाळाचे जावळ काढायला तोच, आणि सुतकात मुलांचे डोके करायलाही तोच. माणसाच्या आयुष्यातले प्रत्येक वळण गावात जाहीर होई ते न्हाव्याच्या हातून.

वस्तरा

त्याच हाताला आणखी एक काम लावलेले होते. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या काही उच्च जातींत नवरा वारला की बाईचे केशवपन होई, आणि पुढे ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा होत राही. १८५६ च्या कायद्याने विधवेच्या पुनर्विवाहाला मान्यता दिली, पण वस्तऱ्याला कायद्याने हात लावला नाही.

नंदुरबारची बाजारपेठ सुरतेशी जुनी बांधलेली; १९०० च्या सुमारास ताप्ती खोऱ्याचा लोहमार्ग झाल्यावर ती अधिकच जोडली गेली. त्या सुरतेत १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला चालला. तिला झालेली शिक्षा आणि त्यानिमित्ताने वृत्तपत्रांनी स्त्रीजातीवर उठवलेली झोड यांमुळे बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) लिहिले. विधवेला विद्रूप करून तिच्या नीतीची हमी घेणाऱ्या समाजाला ताराबाईंनी धारेवर धरले.

त्यानंतर आठ वर्षांनी, १८९० मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांची डोकी करणार नाही असे तिथे जमलेल्यांनी ठरवले. याच वर्षी लोखंड्यांच्या प्रयत्नांनी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. सुटी मिळवणारा आणि वस्तरा खाली ठेवायला लावणारा माणूस एकच होता, याचे महत्त्व आहे. केशवपन हा त्याच्या लेखी निव्वळ धर्माचा वाद नव्हता. ते कष्टकऱ्याच्या हातून करून घेतले जाणारे एक काम होते, आणि काम नाकारता येते. महर्षी कर्व्यांनी विधवांसाठी चालवलेले कार्य, पंडिता रमाबाईंचे १८८९ चे शारदा सदन, हे सारे याच दशकांतले. तरी खेड्यापाड्यांतून लाल आलवणातल्या सोवळ्या आज्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दिसत राहिल्या.

म्हणजे सपाटीवरच्या प्रतिष्ठित घरांत बाईचे केस फार जपले जात, आणि ते तिचे नसत. नवऱ्याच्या आयुष्याला ते बांधलेले असत.

डोंगर : मोहाचे तेल, भोंगऱ्याची फणी

सातपुड्यातल्या पाड्यांवर बारा बलुत्यांची ही घडण नव्हतीच. पिढीजात न्हावी नाही, त्यामुळे बलुते नाही आणि वस्तऱ्याचा मानही नाही. केस आपसांत कापायचे. बाईच्या केसांना हात बाईचा, आणि तो विधवेचा आहे की सुवासिनीचा हा प्रश्न सपाटीवरच्यासारखा आड येत नाही. भिल्ल-पावरा समाजांत नवऱ्यामागे बाईने दुसरे घर करणे पूर्वापार मान्य. ज्या समाजात विधवेला पुन्हा नांदायची मोकळीक आहे, तिथे तिचे डोके उतरवण्याचे कारणच उरत नाही.

तेलाची सोय रानात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचतात. पावसाच्या तोंडाशी त्याची फळे येतात आणि त्यांतल्या बिया, ज्यांना आपण टोळंबी म्हणतो, फोडून वाळवतात. गर कुटून, वाफवून, दाबून तेल काढले जाते. हे तेल थंडीत तुपासारखे गोठते. ते खाण्यात वापरतात, अंगाला लावतात, केसांना लावतात. तिळाच्या किंवा नारळाच्या तेलासारखे ते विकत आणायचे नसते. झाड घरचे, वेचणे बायकांचे, म्हणून तेलही बायकांच्या ताब्यातले.

विकत आणायच्या वस्तू आणायच्या त्या भोंगऱ्याला. होळीच्या आधीच्या आठवड्यात जिथे जिथे आठवडेबाजार भरतो, तिथला तो बाजार म्हणजे भोंगऱ्या. धडगाव, मोलगी, आणि सीमेपलीकडे मध्य प्रदेशातले खेतिया, पानसेमल, पार त्यापुढे अलिराजपूर-झाबुआपर्यंत ही साखळी जाते. गूळ, दाळ्या, खजूर, साखरेचे हार-कडे घ्यायचे, ढोल-मांदळ वाजवायचे, आणि होळीचा साज घ्यायचा. त्यात फण्या, आरसे, रिबिनी, पिना, मणी आणि चांदी. चांदीच्या कानातल्यांचा भार लोळ्यांना ओढतो, म्हणून तो केसांत अडकवलेल्या साखळीने तोलतात. मराठी वाचकाने ‘वेल’ आठवावा. इथे केसांचा दागिना शोभेइतकाच भार वाहण्याच्या कामाचाही असतो.

या बाजाराला वृत्तपत्रांनी वर्षानुवर्षे ‘प्रणयोत्सव’ ठरवले. मुलगी पळवण्याची जत्रा, अशी त्याची ख्याती शहरांत पसरवली गेली. आदिवासी संघटना आणि अभ्यासक याला हरकत घेत आले आहेत. त्यांचे म्हणणे साधे आहे : हा होळीच्या खरेदीचा बाजार आहे. केसांत रिबीन आणि डोळ्यांत काजळ घातलेली मुलगी पाहून पाहणाऱ्याला काय वाटले, याची जबाबदारी मुलीवर टाकता येत नाही.

डोंगराचे गोडवे गाऊन थांबणे मात्र योग्य होणार नाही. इथल्या लग्नात वरपक्ष वधूपक्षाला ‘देज’ देतो. हुंड्याची रीत उलटी आहे म्हणून बाईला मोल आहे, पण ते मोल वडीलधाऱ्यांच्या पंचांत ठरते. आणि एकट्या, वयस्क बाईला ‘डाकीण’ ठरवून छळण्याचे प्रकार याच तालुक्यांत घडत आले आहेत. त्याविरुद्ध अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांना अनेक वर्षे काम करावे लागले, आणि २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा त्यांना आधार झाला. वस्तरा नव्हता, पण संशय होता.

पाळणी : न विंचरलेले डोके

आता होळी. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी या गावची राजवाडी होळी सर्वांत प्रसिद्ध. तिची परंपरा १२४६ पासूनची असल्याचे तिथे सांगितले जाते. उंचच उंच बांबू आणून त्याचा होळीचा दांडा करतात. त्यासाठीचा खड्डा हत्यार न लावता हातांनी कोरायची रीत आहे. रात्रभर ढोल वाजतो, नाच चालतो, आणि होळी पेटते ती पहाटे.

या होळीत नवस धरलेले पुरुष निरनिराळी रूपे घेतात : बावा, बुध्या, मोरखी, काली. त्यांचे नियम म्हणजे पाळणी. नवसाच्या दिवसांत खाटेवर बसायचे नाही, जमिनीवर झोपायचे, ब्रह्मचर्य पाळायचे, आंघोळ करायची नाही. अंगावर राखेचे किंवा पिठाचे पांढरे ठिपके आणि रेघा, कमरेला सुकलेले दुधी भोपळे आणि घुंगरांचा पट्टा. डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा, मोरपिसांचा, रंगीत कागदांनी सजवलेला उंच टोप.

या टोपाकडे नुसती वेशभूषा म्हणून पाहिले तर त्याचा अर्थ हातून निसटतो. टोपाखाली जे डोके आहे, त्याला कित्येक दिवस पाणी लागलेले नाही. सजावट आणि संयम एकाच डोक्यावर आहेत, आणि संयम पाळला नसेल तर सजावटीचा हक्कच पोचत नाही. आपण उपास पोटाचा धरतो. इथे तो केसांचाही आहे. नवस बहुधा घरातल्या आजारासाठी, पिकासाठी, गुराढोरांसाठी बोललेला असतो. घराच्या सुखासाठी एका माणसाने आपल्या अंगाची निगा काही दिवस बाजूला ठेवावी, असा हा करार आहे. होळी पेटल्यावर आणि आसपासच्या गावांचे मेळे झाल्यावर पाळणी सुटते, माणूस नदीवर जातो, अंग धुतो. त्या आंघोळीला अभ्यंगाचेच मोल आहे. फरक इतका, की सपाटीवरचे अभ्यंग तिथीने मिळते आणि डोंगरातले सोसून कमवावे लागते.

दिवाळीही डोंगरात वेगळी आहे. ती एका तिथीला बांधलेली नाही. पीक घरात आले की गावाने एकत्र बसून दिवस ठरवायचा. म्हणून प्रत्येक गावाची गावदिवाळी निराळी आणि पाहुणचार महिनोन्‌महिने चाललेला.

पाहणाऱ्यांच्या नोंदी

हे सगळे बाहेरच्यांनी कसे पाहिले? खानदेशचे गॅझेटियर १८८० मध्ये निघाले. पुढे १९०१ च्या जनगणनेच्या वेळी रिस्ले यांच्या पुढाकाराने देशभर वंशशास्त्रीय पाहणी सुरू झाली. नाकाची, कवटीची मापे घेण्याचा तो काळ. मुंबई इलाख्यातले हे काम एन्थोवेन यांच्याकडे होते आणि त्यांचे जाती-जमातींवरचे तीन खंड १९२० ते १९२२ या काळात प्रसिद्ध झाले. अशा ग्रंथांच्या चौकटीत केस हे वंशाचे लक्षण होते : सरळ, कुरळे, जाड, राठ. ते कोणी विंचरले, कोणत्या नवसापोटी विंचरले नाहीत, हे विचारण्याची त्या रकान्यांत सोय नव्हती. न विंचरलेले डोके म्हणजे रानटीपणा, इतकेच त्यातून वाचकाच्या मनात उरले. आपल्या पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांपर्यंत तो समज पोचला.

याच काळात डोंगराच्या आतूनही अंगाच्या निगेचा विचार उठला. १९२२ मध्ये दक्षिण गुजरातच्या आदिवासी भागात देवीची चळवळ पसरली. दारू सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, असे देवीचे हुकूम अंगात आलेल्यांच्या तोंडून येत. १९३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यातल्या मोरवड येथे गुलाम महाराजांनी आप धर्माची चळवळ उभी केली. एकमेकांना ‘आप’ म्हणायचे, दारू वर्ज्य करायची, स्वच्छ राहायचे, आरतीला जमायचे. हजारो भिल्ल त्यांच्याभोवती गोळा झाले. सावकार आणि दारूविक्रेते यांच्या कचाट्यातून सुटण्याची वाट त्यांना आंघोळ, धुतलेले कपडे आणि परस्परांना दिलेला मान यांत दिसली.

या चळवळींना केवळ सपाटीवरच्यांची नक्कल म्हणणे अन्यायाचे होईल. ‘आप’ हा शब्द वरच्यांसाठी राखलेला होता. तो आदिवासींनी एकमेकांसाठी घेतला. धुतलेले, तेल लावलेले डोके ताठ ठेवून बाजारात उभे राहणे हा त्या शब्दाचाच पुढचा भाग होता. तरीही एक ताण त्यातून निर्माण झाला आणि तो आजही आहे. रोज आंघोळ करणारा नवा धर्मनिष्ठ आणि नवसापोटी आंघोळ टाळणारा बावा, दोघे एकाच भावकीतले. दोघांनाही आपले अंग आपल्या हुकमात हवे होते. एकाने ते सावकाराच्या नजरेपासून सोडवले, दुसऱ्याने ते देवाच्या ताब्यात दिले.

आजचे डोके

सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा-अक्राणीतली ३३ गावे बाधित झाली. मणिबेलीपासून सुरू झालेली ही बुडीत गावांची यादी आपण विकासाच्या वादात वाचली आहे. तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर ज्यांचे पुनर्वसन झाले, त्यांना बदल्यात जमीन मिळाली. मोहाची जुनी झाडे मिळाली नाहीत. झाडाबरोबर टोळंबी गेली, तिच्याबरोबर घरचे तेल गेले, आणि केसांचे तेल ही दुकानातून आणायची वस्तू झाली. बुडिताच्या पंचनाम्यांत तेलाचा असा रकाना कुठून असणार?

इकडे लग्नाच्या मोसमात तालुक्याच्या गावांतही नवरीला सजवायला ब्युटी पार्लरवाली येते. अंबाड्यात तयार जाळी, खोटे मोगरे, चकाकणारे खडे. आणि पदर आता पिनांनी मागे सारलेला, कारण फोटोत केशरचना दिसायला हवी. पदराखाली पिढ्यान्‌पिढ्या झाकलेली वेणी शेवटी मांडवात आली, ही लहान गोष्ट नाही. यात विधवा आईनेही लेकीला हळद-तेल लावल्याची उदाहरणे आता ऐकू येतात. ती वाढायला हवीत.

आणि मोरपिसांचा टोप ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या मिरवणुकीत दिसतो, शासकीय सोहळ्यांच्या व्यासपीठांवर दिसतो, शाळांच्या स्नेहसंमेलनांत दिसतो. अभिमानाची खूण म्हणून तरुणांनी तो घालावा, यात गैर काही नाही. पण पाहुण्यांच्या स्वागताला रांगेत उभे करून घालायला लावलेला टोप आणि काठीच्या पहाटेचा टोप यांत अंतर आहे. एकाखाली हुकूम आहे, दुसऱ्याखाली नवस.

नरकचतुर्दशीला टाळूवर तेलाचा हात पडेल, तेव्हा हा जिल्हा आठवावा. तो हात कोणाचा आहे, आणि घरातल्या कोणत्या हाताला आपण आजवर दूर ठेवले, हे त्या पहाटे विचारायला काही खर्च येत नाही.